जमीन विकण्याआधी पगाराची स्लिप शोधा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचे मिस्टर ४४ वर्षांचे. बीपीमुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि गेले पाच महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून जीप करून तुम्ही शहरातल्या खासगी सेंटरला जाता. ते सूतगिरणीत होते, ‘पीएफ, ईएसआय कापून’ हातात १७ हजार यायचे. आता पगार बंद आहे. तुमच्या शिलाईतून महिन्याला ९ हजार येतात. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. गावातल्या एका माणसाकडून २ लाख घेतलेत, महिना शेकडा ५ने. घरात चार तोळे सोनं आहे आणि दीड एकर जिरायत, तिला १४ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. तुम्ही विचारता, जमीन विकावी का, डायलिसिस तीनऐवजी दोनदा केलं तर चालेल का, आणि मदत करणाऱ्या संस्थांची नावं कोणती.

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबांशी बोलणं, त्यांची कागदपत्रं लावून देणं यातच माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून लिहिते. औषधोपचाराचा शेवटचा शब्द तुमच्या किडनीतज्ज्ञांचा.

तुम्ही संस्थांची नावं मागितलीत, कारण हा खर्च तुम्हाला एका मोठ्या रकमेसारखा दिसतोय. ऑपरेशन असतं तर तसंच असतं. चार जणांकडून पैसे जमवले, ऑपरेशन झालं, मग फेडत बसलो. डायलिसिस मात्र दर महिन्याला येणारा खर्च आहे आणि तो वर्षानुवर्षं येत राहणार. मोठी रक्कम यात टाकली तरी ती संपते आणि पुढच्या महिन्याचं बिल तसंच समोर येतं. म्हणून आधी बघायचं ते महिन्याचं बिल खाली कसं आणता येईल हे. कुठून किती पैसे मिळतील, हे त्यानंतर.

तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडले. महिन्यात साधारण १३ वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी १,४०० रुपये, म्हणजे १८,२००. जीपचे जाऊन-येऊन ७००, त्याचे ९,१००. रक्त वाढायची इंजेक्शनं, गोळ्या आणि तपासण्या मिळून ६ हजार. बेरीज ३३,३००. यावर सावकाराचं व्याज १० हजार, आणि हा आकडा तुम्ही आजाराच्या खर्चात धरलेलाच नाही. आता जमिनीचे १४ लाख आले असं समजू. त्यातून सावकाराचे २ लाख गेले की उरतात १२ लाख. महिन्याला ३३ हजारांच्या हिशोबाने ते बरोबर तीन वर्षांत संपतात, आणि यात किराणा, वीज, मुलांची फी काहीच धरलेलं नाही. तेव्हा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, मुलगा अकरावीत, मिस्टरांचं डायलिसिस चालूच असेल आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. म्हणून आज तरी जमीन विकू नका असंच सांगेन. कधी विकावी लागू शकते, तेही पुढे सांगते.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘ईएसआय’ कापला जायचा. ही कर्मचारी राज्य विमा योजना, आपल्याकडे जुने लोक नुसतं ‘कामगार विमा’ म्हणतात. महिन्याचं वेतन २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. बहुतेक घरांत याची ओळख ‘पगारातून काहीतरी कापतात’ एवढीच असते. या विम्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. डायलिसिस विम्याच्या स्वतःच्या रुग्णालयात होतं किंवा त्यांनी करार केलेल्या खासगी रुग्णालयात पाठवतात. सोलापुरात कामगार विम्याचं रुग्णालय आहे. तुम्ही आज ज्या सेंटरला १,४०० रुपये देता, कदाचित त्याच सेंटरला विम्याच्या रेफरल चिठ्ठीवर बिनपैशांचं डायलिसिस होऊ शकेल. त्या सेंटरचा करार आहे का, हे काउंटरवर विचारा.

उपचाराइतकीच मोठी गोष्ट आहे बुडालेल्या पगाराची. आजारपणात कामावर जाता येत नसेल तर हा विमा वर्षातले ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के पैसे देतो. काही दीर्घ आजारांची त्यांची वेगळी यादी आहे, त्यात किडनी कायमची निकामी होणं हा आजार आहे. त्या यादीतल्या रुग्णाला ९१ दिवस संपल्यावर वाढीव आजारपण लाभ मिळतो. तो वेतनाच्या ८० टक्के, आणि वैद्यकीय तपासणीनुसार दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. १७ हजार हाच आकडा धरला तरी ८० टक्क्यांचे १३,६०० होतात. घरबसल्या दर महिन्याला १३,६००, ताई. तुमच्या शिलाईच्या दीडपट.

यात अटी आहेत आणि तुमचं त्यात कसं बसतं हे मला इथून सांगता येणार नाही. वाढीव लाभासाठी आजार सुरू होण्याआधी सलग दोन वर्षं विमाधारक नोकरी झालेली हवी, आणि त्याआधीच्या चार वर्गणी-कालखंडांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणीचे कालखंड सहा-सहा महिन्यांचे असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. म्हणून पहिला प्रश्न : मिस्टर गिरणीत किती वर्षं होते? दुसरा प्रश्न आणखी नाजूक. गिरणीने कापलेले पैसे खरोखर भरलेत का? कापायचे आणि भरायचे नाहीत, असे मालक मी पाहिलेत. पगाराच्या स्लिपवर किंवा विमा कार्डावर दहा आकडी विमा क्रमांक असतो. तो घेऊन विम्याच्या शाखा कार्यालयात गेलात की वर्गणीचा सगळा इतिहास निघतो. भरलेलं नसेल तर लेखी तक्रार तिथेच द्या. वर्गणी भरण्याची जबाबदारी मालकाची असते, ती चुकली म्हणून कामगाराचा हक्क आपोआप बुडत नाही.

पाच महिने उलटून गेलेत याची मला काळजी वाटते. आजारपणाचा लाभ विम्याच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मिळतो, आणि तुम्ही तर आतापर्यंत खासगी डॉक्टरकडेच आहात. मागच्या महिन्यांचं मिळेलच असं सांगत नाही. पण दवाखान्यातून घरी सोडतानाची कागदं, प्रत्येक डायलिसिसच्या नोंदी आणि बिलं तारखेनुसार लावून घेऊन जा आणि मागणी लेखी करा. तोंडी विचारलं की तोंडीच ‘नाही’ मिळतं. पुढच्या महिन्यांचं सर्टिफिकेट मात्र याच आठवड्यात सुरू करा, कारण वर्गणी थांबली की काही महिन्यांनी हक्कही थांबतो.

आणि एक गोष्ट आजच्या आज. गिरणीतून निरोप आला असेल की ‘राजीनामा देऊन टाका, हिशोब मोकळा करू’, तर राजीनामा देऊ नका. आलाच नसेल तर येईल, म्हणून आधीच सांगते. त्या कागदावर सही झाली की आजारपणाच्या लाभाची बाजू लंगडी होते. पीएफला जोडलेला एक विमाही असतो, कामगार नोकरीत असताना दगावला तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. हे लिहिताना जड जातं, तरी तुमच्यासमोर दोन मुलं आहेत म्हणून लिहिते. पीएफच्या खात्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, तेही बघून घ्या. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या माणसांच्या कागदावर अजून आईचं किंवा भावाचं नाव असतं, आणि पुढे त्यातून घरात वितुष्ट येतं. पीएफमधून आजारासाठी काही रक्कम काढता येते. लागेल तेवढीच काढा, खातं रिकामं करू नका. डॉक्टरांनी ‘आता हे काम कायमचं जमणार नाही’ असं ठरवलंच तर पीएफच्या पेन्शन योजनेत अपंगत्वाचं पेन्शन आहे, त्याला दहा वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही. रक्कम लहान असते, पण ती आयुष्यभर येते.

आता समजा, ईएसआयचं काहीच जमलं नाही. किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी तो नाहीच. शेतमजूर, रिक्षावाला, टपरीवाला यांचं हेच असतं. तर पुढचं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती ८ जिल्ह्यांत सुरू झाली. आधी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, आता पांढऱ्या कार्डावरही मिळते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यात होतात आणि डायलिसिस त्यात आहे. तुम्हाला खासगी सेंटरने ‘योजना चालत नाही’ म्हणून सांगितलं, ते त्यांच्या सेंटरपुरतं खरं असेल. योजना चालते ती अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तुमच्या जिल्ह्यात डायलिसिससाठी कुठली रुग्णालयं आहेत ती विचारून घ्या. शिवाय अनेक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत सरकारी डायलिसिस विभाग आहेत. तुमच्या गावापासून जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात मशीन आहे का, हे आधी बघा. शहरातल्या मोठ्या रुग्णालयापेक्षा घराजवळचं लहान केंद्र अशा पेशंटला जास्त सोयीचं पडतं, कारण प्रवास वाचतो. महिन्यातून एकदा तज्ज्ञांना दाखवायला शहरात गेलात की झालं.

अडचण कुठे येते तेही सांगते. सरकारी विभागात मशीन मोजकी असतात, ‘वेटिंग आहे’ असं सांगतात. तिथे नाव नोंदवा, कुणाकडे नोंदवलं ते लिहून घ्या आणि दर आठवड्याला विचारा. डायलिसिसच्या जागा अचानक मोकळ्या होतात, आणि त्या दिवशी जो डोळ्यासमोर असतो त्याला मिळतात. पहाटेची किंवा रात्रीची पाळी चालेल असं आधीच सांगून ठेवा.

दुसरी अडचण नावाची. परवाच एक बाई माझ्या टेबलावर कागद पसरून रडत होती. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, आणि कार्ड अजून सासऱ्याच्या नावे दुसऱ्या तालुक्यात. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाने, परत पाठवलं. तो तरी काय करणार, मशीन नाव जुळवतं. अशा वेळी तहसील कार्यालयातून दुरुस्ती करून आणायला दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढ्यात सहा ते नऊ डायलिसिस विकत घ्यावी लागतात. तुमच्या घरातली सगळी कार्डं आज रात्री जमिनीवर मांडा. नाव, जन्मतारीख, पत्ता एकेक करून जुळवा. जुळत नसेल ते उद्याच दुरुस्तीला टाका. त्याचबरोबर आपले सरकार सेवा केंद्रातून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा. पगार बंद झाल्यानंतरचं उत्पन्न त्यात दिसायला हवं, जुन्या दाखल्यावर जुना पगार असेल. हा एकच कागद पुढे सगळीकडे लागणार आहे.

धर्मादाय रुग्णालयांचं तुम्ही ऐकलं असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार सार्वजनिक न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी ती आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. तिथे समाजसेवकाला भेटून अर्ज करायचा असतो. भरती होऊन करायच्या उपचाराला, म्हणजे फिस्टुलाचं (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याचं) ऑपरेशन किंवा इन्फेक्शनमुळे दाखल व्हावं लागलं तर, हा मार्ग चांगला. दर आठवड्याच्या डायलिसिसला मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा अनुभव येतो.

फिस्टुलाचं नाव निघालंच आहे तर विचारते, मिस्टरांना अजून मानेतल्या नळीनेच डायलिसिस चालू आहे का? असेल तर हातावरच्या फिस्टुलासाठी डॉक्टरांच्या मागे लागा. नळीतून इन्फेक्शन होण्याची भीती जास्त. थंडी वाजून ताप आला की भरती, महागडी अँटिबायोटिक्स, नवी नळी, आणि महिन्याचं सगळं गणित एका आठवड्यात कोलमडतं. फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून उशीर नको.

तीनऐवजी दोनदा चालेल का, हे तुम्ही विचारलंत आणि ते का विचारलंत ते मला कळतं. तिसऱ्या वेळचे पैसे वाचवून मुलीची फी भरायची, असा तुमचा विचार दिसतो. काही पेशंटना लघवी अजून बऱ्यापैकी होत असते, त्यांना डॉक्टर स्वतः आठवड्यातून दोनदा सांगतात. ते रिपोर्ट बघून ठरतं. पैशासाठी आपल्या मनाने एक कमी करणं वेगळं. अंगात पाणी साठतं, रात्री आडवं झालं की दम लागतो, पोटॅशियम वाढलं तर हृदयावर ताण येतो. अशा पेशंटला मध्यरात्री गाडी करून आणतात आणि अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. तिथलं दोन दिवसांचं बिल बघा, वाचवलेल्या सगळ्या डायलिसिसचे पैसे त्यात जातात. पैसे वाचवायचेच असतील तर पाण्यावर वाचवा. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतं ते रोज सकाळी वहीत लिहा. मीठ, लोणचं, पापड कमी केलं की तहान कमी लागते. रक्त वाढायच्या इंजेक्शनांचं आणि गोळ्यांचं डॉक्टरांना थेट सांगा, ‘स्वस्तातलं चालणारं लिहून द्या’. जनऔषधी केंद्रात बीपीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या बऱ्याच कमी दरात मिळतात. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसणारी माणसं नंतर गोळ्या अर्ध्या करून घेतात, आणि ते डॉक्टरांना कळतसुद्धा नाही.

प्रवासाबद्दल. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत प्रवाससवलत आहे, आगारात जाऊन प्रमाणपत्राचा नमुना मागा. तुम्हाला स्वतःला बाई म्हणून अर्धं तिकीट आहेच. रेल्वेने जाता येत असेल तर डायलिसिसला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर आणि सेकंड क्लासात ७५ टक्के सवलत मिळते. डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसतं, बसने परतणं सगळ्यांना झेपत नाही, हे मान्य. मग तुमच्या तालुक्यातले त्याच दिवशी, त्याच पाळीला येणारे आणखी दोन पेशंट शोधा आणि एक जीप तिघांत करा. सेंटरच्या सिस्टरला विचारलंत तर त्या नावं सांगतील, कधीकधी पाळीही जुळवून देतात.

याहून मोठा खर्च तुमच्या यादीत कुठेच नाही. तो म्हणजे तुमचा दिवस. तीन दिवस तुम्ही त्यांच्यासोबत जाता, म्हणजे तीन दिवस शिलाई मशीन बंद. आज घरातली एकमेव कमाई ती आहे. पहिले काही महिने सोबत असणं गरजेचंच होतं. आता त्यांचं बीपी डायलिसिसमध्ये स्थिर राहत असेल तर प्रत्येक वेळी तुम्ही लागता का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. एकाच जीपमधून तीन पेशंट आले तर तिघांमागे एक नातेवाईक पुरतो, आळीपाळीने. जावंच लागलं तर हातातलं काम घेऊन जा. आमच्या विभागाबाहेर एक ताई चार तास ब्लाउजची हुक-काजं करत बसायच्या. मांडीवर जुनी उशीची खोळ पसरलेली, तिच्यात दोऱ्याची रिळं, आणि प्रत्येक ब्लाउजला चिमटीने अडकवलेली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. घरी फक्त मशीनवरचं काम ठेवायचं, हातकाम इथे संपवायचं, असं त्यांनी बसवलं होतं.

आता कर्ज. महिना शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. २ लाखांवर दर महिन्याला १० हजार जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे. हे सगळ्यात आधी बंद करा. चार तोळे सोनं राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत तारण ठेवा. सोन्याच्या सध्याच्या भावात २ लाख सहज मिळतील आणि वर्षाला ९-१० टक्क्यांच्या आसपास व्याज पडेल, म्हणजे महिन्याला साधारण १,५००-१,७००. दहा हजारांच्या जागी सतराशे. दागिने मोडू नका असं सासूबाई म्हणत असतील. मोडायचे नाहीतच, बँकेच्या तिजोरीत ठेवायचे आहेत. सावकाराचे पैसे देताना दोन साक्षीदार घेऊन जा आणि तुम्ही दिलेले कोरे चेक, सही केलेले स्टँपपेपर परत घेतल्याशिवाय शेवटची रक्कम हातावर ठेवू नका. पावती लिहून घ्या.

आणि त्याने ‘जमिनीचं नुसतं नावाला खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की परत फिरवू’ असं म्हटलं तर तिथून उठा. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात किती जमिनी अशा गेल्यात! तारण म्हणून केलेलं खरेदीखत कागदावर खरीखुरी विक्रीच असते. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन चौकशी करून परत मिळवून देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तुम्ही त्याच गावात राहता, तक्रारीचं पाऊल जड आहे, हे मी जाणते. म्हणून आधी फेडून मोकळं व्हा. त्रास द्यायला लागला तर मात्र हा कायदा हाताशी आहे हे लक्षात असू द्या.

संस्थांचं सांगते. बहुतेक ट्रस्ट एकदाच मदत करतात आणि चेक रुग्णालयाच्या नावे काढतात. भरून झालेल्या बिलाचे पैसे सहसा कुणी देत नाही, मुख्यमंत्री सहाय्यता निधीही नाही. त्यामुळे हे दरवाजे मोठ्या खर्चासाठी राखून ठेवा. दर महिन्याच्या डायलिसिससाठी आज सगळीकडे अर्ज केलात तर पुढे प्रत्यारोपणाच्या वेळी तिथेच दुसऱ्यांदा हात पसरावा लागेल. अनेक जिल्हा परिषदा आपल्या सेस फंडातून किडनी, हृदयरोग, कॅन्सरच्या ग्रामीण रुग्णांना १५ हजारांची मदत करतात. पंचायत समितीत किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, ती घ्यायला हरकत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र धावपळ करू नका. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात येतात, किडनीचा आजार येत नाही. डायबेटिसमुळे नजर गेली असेल किंवा पाय कापावा लागला असेल तर त्या कारणाने दाखला मिळतो. एजंट ‘काढून देतो’ म्हणतात, त्यांना एक रुपया देऊ नका.

प्रत्यारोपणाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी तुम्हाला म्हणालं असेलच की ‘तुझी किडनी दे’. फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यानंतरच्या गोळ्या आयुष्यभर लागतात आणि पहिल्या वर्षी त्यांचा खर्च मोठा असतो, तो कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं. ईएसआय लागू असेल तर हे चित्र बरंच सोपं होतं. किडनी द्यायची की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. घरातली कमावती बाई तुम्हीच आहात, हेही त्यात मोजायला हवं. घरच्यांसमोर ‘नाही’ म्हणणं अवघड असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवकाशी एकट्याने बोला, ती बोलणी बाहेर जात नाहीत. दरम्यान पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागायला हवं, सोलापूर त्यांच्याच अखत्यारीत येतं. ही नोंदणी रुग्णालयामार्फत होते. जमिनीचा विचार करायचाच झाला तर तो इथे. प्रत्यारोपण ठरलं, दाता मिळाला, योजनेत न बसणारी ठरावीक रक्कम कमी पडते आहे, तर त्या रकमेपुरता जमिनीचा तुकडा विकण्याला अर्थ आहे. त्यातून माणूस कामावर परत जाऊ शकतो.

मुलीबद्दल. तिने शिक्षण सोडून शिलाईला बसायचं म्हटलंय, असं तुम्ही लिहिलंत. बसवू नका. २०२४-२५पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ही सवलत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना त्यांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. लागणारे दाखले निकालाच्या गर्दीत मिळत नाहीत, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच तिचाही अर्ज टाका.

आता क्रम. आधी ईएसआय आणि गिरणी, त्यासोबत कार्डं आणि दाखले. दाखले येईपर्यंत सोन्यावर कर्ज काढून सावकार बंद. मग जवळच्या केंद्रात डायलिसिस आणि जीपचा प्रश्न. हे सगळं जमलं तर ४३ हजारांचा महिना सात-आठ हजारांवर येऊ शकतो, आणि विम्याचे १३ हजार वर. घर चालेल.

मिस्टर कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात, असंही तुम्ही लिहिलंय. हिशोबाची वही त्यांच्याकडे द्या. कमावता पुरुष आजारी पडला की घर त्याच्यापासून पैशाच्या गोष्टी लपवायला लागतं, त्याला त्रास नको म्हणून. त्याला मात्र आपण ओझं झालोय एवढंच कळतं. विम्याच्या कार्यालयात फोन करणं, वर्गणीचे दिवस मोजणं, वजन आणि बिलं लिहिणं, हे डायलिसिस नसलेल्या दिवशी ते करू शकतात. गिरणीत त्यांचे जुने सहकारी असतील, टाइमकीपर किंवा स्टोअरचं बसून करायचं काम मिळेल का, हेही तेच विचारू शकतात. काही महिन्यांनी रक्त वाढलं, पाणी ताब्यात आलं की अनेक जण हलक्या कामावर परत जातात. सतत खिन्न राहत असतील, जेवण टाकत असतील, तर पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार आहेत.

मला इतकं कळवा : गिरणीत कधी लागले, शेवटची हजेरी कधीची, स्लिपवर विमा क्रमांक आहे का, कुठल्या कागदावर सही दिलीय का, आणि रेशनकार्ड कोणाच्या नावे आहे. विम्याच्या कार्यालयात द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देते. सोमवारी जाताना मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.